नाशिकच्या बँडची बातमी छापून येत नाही? एकेक करून हे तपासा

गाणं चांगलं झालंय, व्हिडिओ पण केलाय, कॉलेज रोडच्या कॅफेत शो झाला आणि लोक उभे राहून ऐकत होते, पण पेपरात एक ओळ नाही. ही तक्रार घेऊन पोरं-पोरी माझ्याकडे येत असतात. मी आधी एका दैनिकाच्या शहर डेस्कवर होते, आता स्वतंत्र बँडना आणि एकट्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना प्रेस नोट वगैरे करून देते, आणि बिघाड जवळपास दरवेळी त्याच ठरलेल्या जागांवर सापडतो. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतेय. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चाकडे असा आहे आणि तो कृपया मोडू नका, कारण बरेच जण पहिल्या दोन गोष्टी न बघता थेट पीआरवाल्याला (प्रसिद्धीचं काम पैसे घेऊन करणाऱ्याला) पैसे देतात आणि मग कळतं की ड्राइव्हची लिंकच उघडत नव्हती.

लक्षणं

तुमचं काय होतंय ते आधी ओळखा.

- मेल गेला, काहीच उत्तर नाही. (तपासणी १, २ आणि ४)
- "पाठवा, बघतो" म्हणाले, मग शांतता. (२ आणि ६)
- बातमी आली पण बँडचं नाव गायब, नुसतं "तरुणांनी गीते सादर केली". (२)
- बातमी आली, फोटो नाही, किंवा फोटो आला आणि त्यात काळ्या डागाशिवाय काही दिसत नाही. (३)
- पहिल्या शोची आली, त्यानंतर कधीच नाही. (६)
- बातमीदाराऐवजी जाहिरात विभागाचा फोन येतो. (सरळ शेवटचा भाग वाचा)

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. तुमचा मजकूर शेवटी संध्याकाळी सात-आठ वाजता एका उपसंपादकासमोर येतो, त्याला तेव्हा महापालिका, अपघात, कांद्याचे भाव, पाणीकपात असं सगळं पानात बसवायचं असतं आणि शेवटी कोपऱ्यात थोडी जागा उरते. त्या जागेत जे जसंच्या तसं उचलून लावता येतं ते लागतं. ज्याला अजून दोन फोन करावे लागतील ते उद्यावर जातं, आणि उद्या ते शिळं झालेलं असतं. त्याला संगीत आवडत नाही असं नसतं हो, त्याच्याकडे वेळ नसतो.

तपासणी १ : लिंक उघडते का, फोन लागतो का

दोन मिनिटांचं काम आहे, पण सगळ्यात जास्त बिघाड इथेच निघतात. मित्राच्या मोबाइलवरून, जो तुमच्या अकाउंटला लॉगइन नाही अशा मोबाइलवरून, तुम्ही पाठवलेली प्रत्येक लिंक उघडून बघा. ड्राइव्हने "परवानगी मागा" असं दाखवलं तर बातमीदार परवानगी मागत बसत नाही, तो पुढच्या मेलवर जातो. गाण्याची एकच लिंक द्या, यूट्यूबची दिली तर उत्तम, कारण ती कुठेही उघडते आणि त्यासाठी ॲप किंवा सबस्क्रिप्शन लागत नाही. पाच प्लॅटफॉर्मच्या पाच लिंका दिल्या की माणूस एकही दाबत नाही.

दुसरं, फोन नंबर. एकाच माणसाचा द्या आणि तो माणूस संध्याकाळी पाच ते रात्री नऊ या वेळात अनोळखी नंबर उचलणारा पाहिजे. डेस्कवरून एखादं नाव तपासायला फोन येतो तो नेमका याच वेळात आणि तुम्ही तेव्हा प्रॅक्टिसला असता, ॲम्प चालू, मोबाइल बॅगेत. अशा वेळी बातमी कापली जाते किंवा राहून जाते. बँडमधल्या सगळ्यांना कामं असतात हे मला माहितीये, मग ताईचा किंवा मित्राचा नंबर द्या, पण उचलणारा पाहिजे आणि त्याला सगळ्यांची पूर्ण नावं पाठ पाहिजेत.

तपासणी २ : नोट कशात आणि कशी लिहिलीये

इथे जरा थांबते कारण खरी गोम इथेच आहे.

मजकूर मेलच्या अंगातच टाका, युनिकोड मराठीत, म्हणजे मोबाइलवर टाइप होतं आणि कुठेही तसंच दिसतं त्या मराठीत. पीडीएफ नको. मराठी पीडीएफमधून कॉपी केलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या इकडच्या तिकडे होतात आणि मग ते सगळं परत टाइप करावं लागतं. इन्स्टाग्रामसाठी बनवलेलं सुंदर पोस्टर म्हणजे प्रेस नोट नाही, त्यातली अक्षरं कॉपीच होत नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल असेल तर समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की नुसती चिन्हं दिसतात. आणि मराठी दैनिकाला इंग्रजी नोट पाठवणं तर बंदच करा, भाषांतर करायला तिथे कोणी मोकळं बसलेलं नसतं. नावं तुम्हीच देवनागरीत लिहून द्या, बँडचं नाव इंग्रजी असेल तरीसुद्धा, नाहीतर प्रत्येक पेपर आपापल्या पद्धतीने लिहितो आणि नंतर शोधायला गेलं की सापडत नाही.

भाषा बोलीतली नको, पेपरची ठेवा. म्हणजे "केलं, झालं" नाही तर "केले, झाले". "आम्ही" नाही, "बँडने". अप्रतिम, बहारदार, मंत्रमुग्ध ही विशेषणं तुम्हीच आधी काढून टाका, तिकडे ती तशीही कापली जातात आणि त्यांच्याबरोबर कधीकधी कामाचं वाक्यही जातं. दीडशे शब्द पुरेत. पहिल्याच वाक्यात कोण, काय, कधी, कुठे. बँडची स्थापना कधी झाली, नाव कसं सुचलं, कोणाकोणाला प्रेरणास्थान मानता, हे सगळं खाली, कारण जागा कमी पडली की कात्री खालून लागते.

बहुतेक नोटांची सुरुवात अशी असते : "संगीत ही विश्वाची भाषा आहे. याच भावनेतून नाशिकमधील काही ध्येयवेड्या तरुणांनी एकत्र येऊन..." यातून उपसंपादकाला उचलण्यासारखं काहीच मिळत नाही, तीन ओळी झाल्या तरी तारीख नाही.

त्याऐवजी हे बघा : "नाशिक : गोदावरीच्या पुरात दुकाने पाण्याखाली गेलेल्या गंगाघाटावरील विक्रेत्यांच्या आठवणींवर आधारित गाणे (बँडचे नाव) हा नाशिकचा बँड शनिवारी (तारीख) सायंकाळी साडेसहा वाजता कुसुमाग्रज स्मारकात प्रथमच सादर करणार आहे. प्रवेश विनामूल्य आहे." झालं. एवढंच छापून आलं तरी बातमी पूर्ण आहे. पुढे सदस्यांची नावं आणि कोण काय वाजवतं, मग एकाचं दोन ओळींचं म्हणणं, मग संपर्क.

मेलचा विषय पण नीट लिहा. "प्रेस नोट" किंवा "बातमीसाठी विनंती" नको, अशा विषयाचे ढीगभर मेल असतात. "शनिवारी कुसुमाग्रज स्मारकात गोदावरीच्या पुरावरील गाणे" असं लिहा, म्हणजे मेल न उघडताही कळतं काय आहे ते.

तपासणी ३ : फोटो

स्टेजवरचा जांभळ्या लाइटमधला, धुरातला फोटो मोबाइलवर भारी दिसतो, पण पेपरच्या कागदावर शाई पसरते आणि अंधारा फोटो अजून अंधारा होतो, चेहरे जातात. दिवसा, सावलीत, चेहरे स्पष्ट दिसतील असा आडवा फोटो काढा. मोबाइलवर काढला तरी चालतो. सोमेश्वरला जा, पांडवलेणीच्या पायथ्याशी जा नाहीतर तुमच्या प्रॅक्टिसच्या गच्चीवर काढा, काही फरक पडत नाही, पण वाद्यं हातात असू द्या म्हणजे बघणाऱ्याला कळतं की हे गाणारे-वाजवणारे आहेत.

व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवला की फाइल लहान केली जाते आणि फोटोचा दर्जा जातो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे चार इंच रुंद छापायचा तर १२०० पिक्सेल रुंदी पाहिजे, आणि इन्स्टावरून परत डाउनलोड केलेला किंवा स्क्रीनशॉट काढलेला फोटो बरेचदा यात बसत नाही. फाइलला बँडचं नाव द्या. आणि खाली फोटो ओळ : "डावीकडून..." आणि पूर्ण नावं. ही ओळ नसेल तर फोटो बाजूला पडतो, कारण चुकीचं नाव छापायला कोणीच तयार नसतं.

तपासणी ४ : वेळ आणि दिवस

बातमीदाराला फोन करायचा तर सकाळी साडेअकरा ते दुपारी एकच्या आसपास करा. संध्याकाळी सहानंतर तो बातम्या टाइप करत असतो, तेव्हा तुमचा "सर मेल बघितला का" हा फोन त्याला नकोसा होतो आणि तो नंबर लक्षात राहतो. मेल एकदा, त्याच दिवशी एक छोटा मेसेज, दोन दिवसांनी एक फोन. त्यापुढे नाही.

कार्यक्रमाची नोट चार-पाच दिवस आधी द्या. पुरवणीत यायचं असेल तर अजून बरंच आधी, कारण पुरवणीची पानं मुख्य अंकाच्या आधीच लागून गेलेली असतात. आणि कार्यक्रम झाल्यावर वृत्त पाठवायचं तर त्याच रात्री पाठवा, दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवलेलं वृत्त परवाच्या अंकात कशाला घेतील?

तारीख ठरवताना शहराचं कॅलेंडर बघत जा. रंगपंचमीला रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडतात, रामनवमीनंतर रथोत्सव असतो, श्रावणी सोमवारी सगळं त्र्यंबकेश्वरकडे असतं, गणपती विसर्जन, निवडणुकीचा निकाल, या दिवसांत शहराच्या पानावर दुसऱ्या कशाला जागा नसते. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला बहुतेक दैनिकांना सुट्टी असते, दुसऱ्या दिवशी अंकच नसतो, तेव्हा १५ ऑगस्टला शो करून १६ ला बातमीची वाट बघण्यात अर्थ नाही. त्यात आता २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे, रस्ते, साधुग्राम, भूसंपादन याच बातम्या रोज येत राहणार. म्हणून मला उलट असं वाटतं की सोमवारच्या अंकासाठी प्रयत्न करा. रविवारी सरकारी ऑफिसं बंद असतात, बातम्या कमी येतात आणि सांस्कृतिक मजकुराला जरा मोकळी जागा मिळते. रविवारच्या शोचं वृत्त नेमकं याच अंकात बसतं.

तपासणी ५ : बरोबर माणसाकडे गेलंय का

"संपादक महोदय" नावाने सगळ्या पेपरांना एकच मेल, सगळ्यांचे पत्ते सीसीमध्ये उघडे. असं करू नका. प्रत्येकाला वेगळा मेल करा आणि नावाने करा. नाव कसं शोधायचं? महिनाभर शहराची पानं वाचा. कालिदास कलामंदिरातल्या, सायखेडकर नाट्यगृहातल्या कार्यक्रमांच्या बातम्या कोण लिहितं ते बघा, ऑफिसला फोन करून "सांस्कृतिक बातम्या कोण बघतं" एवढं विचारा, सांगतात. देशदूत आणि गावकरी ही तर नाशिकचीच दैनिकं, बाकी सकाळ, लोकमत, मटा, दिव्य मराठी यांच्या पण नाशिक आवृत्त्या आहेत, म्हणजे दारं कमी नाहीयेत.

आता नाशिकची एक खास गोष्ट, जी बाहेरून आलेला पीआरवाला तुम्हाला सांगणार नाही. शहर डेस्कच्या आधी तुमच्या भागाचा वार्ताहर गाठा. नाशिकरोड, सिडको, सातपूर, पंचवटी, देवळाली कॅम्प, या भागांच्या बातम्या बघणारी माणसं वेगळी असतात आणि त्यांना आपल्या भागातली चांगली बातमी हवीच असते, कारण खड्डे आणि चोऱ्या रोजच असतात. तुमचा ड्रमर सिन्नरचा असेल, गायिका निफाडची असेल, तर तिथल्या तालुका वार्ताहराला नोट द्या. "सिन्नरच्या तरुणाचा बँड" ही जिल्हा पानाची बातमी होते. मुख्य शहरात जागा न मिळालेले बँड तालुक्याच्या पानावर फोटोसकट आलेले मी बघितलेत, आणि ते कात्रण घेऊन मग शहरातल्या बातमीदाराकडे गेलं की बोलणं सोपं जातं.

कार्यक्रमांच्या यादीचा रकाना असतो, "आजचे कार्यक्रम" टाइपचा. तो बघणारा माणूस पुष्कळदा वेगळा असतो आणि तिथे नाव येणं सगळ्यात सोपं आहे. एक ओळ असते पण बँडचं नाव छापून येतं, आणि कार्यक्रमाला जाणारा वाचक तो रकाना नेमाने वाचतो.

शिवाय कार्यक्रमाची नोट सगळ्यांना एकाच दिवशी द्या, पण सविस्तर मुलाखत एकालाच. एका पेपरात अर्धं पान येऊन गेलं की बाकीचे तीच गोष्ट घेत नाहीत. दुसऱ्याला द्यायची तर वेगळी गोष्ट द्या.

तपासणी ६ : मुळात बातमी आहे का

ही तपासणी अवघड आहे कारण ती पैशाने सुटत नाही, विचार करावा लागतो. "आमचा बँड आहे आणि आम्ही गाणं काढलंय" याने पहिल्यांदा बातमी होते. दुसऱ्यांदा होत नाही. म्हणूनच पहिल्या शोनंतर सगळं थंड पडतं.

नाशिकच्या वाचकाने ते का वाचायचं याचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे, आणि ते बहुतेक वेळा असतंच, फक्त तुम्ही सांगत नाही. गाणं "पावसावर" आहे म्हणू नका. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं हे बघायला पुलावर गर्दी होते, त्या गर्दीवर आहे म्हणा, प्रत्येक नाशिककर तिथे उभा राहिलेला असतो. गिटारिस्ट सातपूरला कंपनीत शिफ्ट करून रात्री प्रॅक्टिसला येतो? ती बातमी आहे. संबळ आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र वाजवताय आणि संबळवाले काका गोंधळ घालणाऱ्या घरातले आहेत? मग त्या काकांना मुलाखतीत पुढे बसवा. द्राक्षबागेवर, ओझरच्या विमान कारखान्यावर, आजीच्या ओव्यांवर काही केलंय का? सांगा ना. खोटं काही रचू नका मात्र, बातमीदार याच गावचा असतो, त्याला लगेच कळतं, आणि एकदा विश्वास गेला की पुढची नोट उघडली जात नाही.

ज्याच्याकडे सांगण्यासारखं खरंच काही नसेल त्याने नोट पाठवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन महिने थांबा, नवीन गाणी करा, शो करा, मग या.

तपासणी ७ : पेपर सोडून

रेडिओ विसरतात सगळे. खाजगी एफएमवर बहुतेक फिल्मी गाणी असतात, तिथे "आमचं गाणं लावा" म्हणण्यापेक्षा आरजेशी गप्पा मागा, गाणं त्यात वाजतं. आकाशवाणीचं नाशिक केंद्र १०१.४ वर आहे, तिथे शास्त्रीय, सुगम, लोकसंगीतासाठी ऑडिशनची रीतसर पद्धत आहे, वेळ लागतो पण करण्यासारखं आहे. कम्युनिटी रेडिओला तर सरकारी धोरणानुसार निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून करावे लागतात, म्हणजे त्यांना तुमची गरज आहे.

मुंबई-दिल्लीची संगीताची माध्यमं, रोलिंग स्टोन इंडिया वगैरे, यांचा हिशोब वेगळा. तिथे इंग्रजी नोट लागते, गाणं रिलीज व्हायच्या तीन-चार आठवडे आधी, खाजगी लिंकसकट, कारण त्यांना अजून कुठेच न आलेलं गाणं हवं असतं. स्पॉटिफायचंही तसंच आहे, एडिटोरियल प्लेलिस्टसाठी (त्यांचे संपादक निवडतात त्या गाण्यांच्या यादीसाठी) रिलीज न झालेलं गाणंच सुचवता येतं, निदान ७ दिवस आधी. आणि छोट्या शहरातून पाठवतोय म्हणून दबून लिहू नका. आपल्या देशातल्या रॉक बँडना वर्षानुवर्षं जागा देणारं रॉक स्ट्रीट जर्नल हे मासिक १९९३ मध्ये अलाहाबादहून सुरू झालं होतं, मुंबईतून नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बातमी छापण्यासाठी कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. पैसे किंवा वस्तू घेऊन बातमी म्हणून छापणं याला प्रेस कौन्सिल (वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था) पेड न्यूज म्हणते. जाहिरात करायची असेल तर जरूर करा, पण दरपत्रक लेखी मागा, बिल घ्या आणि त्यावर "जाहिरात" असं छापलं जाईल हे धरून चाला.

दुसऱ्याचं गाणं वापरलंय, कव्हर आहे, बीट विकत घेतलीये पण कागद नाहीत, यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम आलाय, किंवा जुना सदस्य म्हणतोय की चाल माझी आहे. अशा वेळी एकाही पेपरला नोट पाठवू नका, आधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला भेटा. छापून आलं की प्रकरण वाढतं आणि ती बातमी नंतर पुसता येत नाही.

तुमच्याबद्दल चुकीचं किंवा बदनामी करणारं छापून आलं तर सोशल मीडियावर भांडू नका. आधी संपादकाला लेखी पत्र द्या, चूक काय आणि बरोबर काय ते नेमकं लिहून. साधी चूक असेल तर दुरुस्ती बहुतेक वेळा छापतात. नाहीच ऐकलं तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते, दैनिकाच्या बाबतीत छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. आरोप गंभीर असेल तर मात्र पत्र पण वकिलाला दाखवूनच द्या.

आणि पीआरवाला कधी? पहिल्या सहा तपासण्या केल्या, नाशिकमध्ये बातम्या येतायत, आता तीन-चार शहरांत शो आहेत किंवा अल्बम येतोय आणि रोज फोन करायला बँडमध्ये कोणाकडे वेळ नाही, तेव्हा. त्याआधी नाही. त्याने आधी कोणत्या बँडचं काम केलंय ते विचारा आणि त्या बँडला स्वतः फोन करा. किती जणांना पाठवणार, कोणाकोणाला, कधी पाठवणार, आणि उत्तरं तुम्हाला दाखवणार का, हे कागदावर घ्या. छापून आणण्याची गॅरंटी देणाऱ्याला काम देऊ नका, पानावर काय जाणार हे त्याच्या हातात नसतं, आणि असेल तर ते पैसे देऊन असतं.